१९५६ च्या टीटीत धावली ती हीच का? एका बीएसए गोल्ड स्टारच्या दाव्याची तपासणी

पार्श्वभूमी

आपल्याकडे बीएसए म्हटलं की बहुतेकांना सायकल आठवते, जुन्या गाड्यांचा नाद असलेल्यांना फार तर लष्करातली एम २० मोटरसायकल. इंग्लंडात मात्र त्या तीन अक्षरांपुढे ‘गोल्ड स्टार’ लागलं की लिलावात हात वर जायला लागतात. ही बीएसएची एकेकाळची नावाजलेली मोटरसायकल. हे नाव इंग्लंडातल्या ब्रुकलंड्स या शर्यतीच्या ट्रॅकवरून आलं. तिथे शर्यतीत ताशी १०० मैलांच्या वर फेरी मारणाऱ्याला कोटाला लावायचा छोटा सोनेरी तारा मिळायचा. ३० जून १९३७ रोजी वॉल हँडली या स्वाराने अल्कोहोलवर चालणाऱ्या ५०० सीसी बीएसए एम्पायर स्टारवर ताशी १०७.५७ मैलांची फेरी मारून तो मिळवला. पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्याने तेच नाव आपल्या गाडीला दिलं.

युद्धानंतरच्या गोल्ड स्टारबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवल्या की पुढचा गुंता समजायला सोपा जातो. ३५० सीसीच्या इंजिनाचं बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७१ मिमी आणि ५०० चं ८५ मिमी, पण स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, दोन्हींचा ८८ मिमी. शिवाय दोन्ही इंजिनं एकाच घडणीच्या फ्रेममध्ये बसतात. म्हणजे पैसे बेताचे असलेला माणूस यंदा ३५० वर धावून पुढच्या वर्षी त्याच फ्रेममध्ये ५०० चढवू शकत होता, आणि असं करणारे कमी नव्हते.

या गाडीचा खरा दबदबा क्लबमन्स टीटी (टुरिस्ट ट्रॉफी) या शर्यतीत होता. आइल ऑफ मॅन बेटावर १९४७ ते १९५६ या काळात झालेली ही शर्यत कारखान्यांच्या पगारी स्वारांसाठी नव्हती. कोणालाही दुकानात विकत मिळेल अशी गाडी आणायची आणि सुरुवातीच्या रेषेवर किक मारून ती चालू करायची. ३५० च्या ज्युनिअर गटात १९४९ पासून शेवटपर्यंत दरवर्षी बीएसएच जिंकली. १९५६ मध्ये बर्नार्ड कॉडने ज्युनिअर आणि सीनिअर दोन्ही गट गोल्ड स्टारवरच मारले. शेवटच्या वर्षांत ज्युनिअरच्या यादीत दुसऱ्या कंपनीची गाडी शोधावी लागे. म्हणूनच ‘आमची गोल्ड स्टार क्लबमन्सला धावली होती’ हा दावा कोणीही केला तरी सहज पटतो, आणि नेमका म्हणूनच तो तपासून घ्यावा लागतो.

प्रकरणातला मालक इंग्लंडच्या मिडलँड्स भागातला, लेथवर आयुष्य काढून निवृत्त झालेला कारागीर. काका वारले आणि त्यांच्या गॅरेजमधली गोल्ड स्टार त्याच्याकडे आली. तीसेक वर्षं ती चालू झालेली नव्हती. घरात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की काकांनी हीच गाडी १९५६ च्या ज्युनिअर क्लबमन्सला चालवली आणि पहिल्या दहांत आले. गाडी विकायची होती. लिलाव करणाऱ्यांनी विचारलं, ‘टीटीत धावलेली’ असं सूचीत लिहायचं का?

अडचण

गाडीतल्या इंजिनाचा नंबर ‘डीबीडी ३४ जीएस’ ने सुरू होत होता. म्हणजे इंजिन ५०० चं. ज्युनिअर गट ३५० चा. म्हणजे आत्ता गाडीत बसलेलं इंजिन घेऊन ही गाडी त्या शर्यतीत उतरणं शक्यच नव्हतं.

पहिल्या मूल्यमापकाने अर्ध्या तासात निकाल दिला: इंजिन आणि फ्रेमचे नंबर जुळत नाहीत, फ्रेमवर ‘सीबी ३२’ आहे म्हणजे ती जुन्या ३५० ची, एकूण चार गाड्यांचे भाग जुळवून उभी केलेली गाडी. भाव त्याने निम्म्याजवळ आणला.

त्याचे पहिले दोन मुद्दे चुकीचे होते. बीएसएने त्या काळात इंजिन आणि फ्रेमला एकच नंबर कधी दिलाच नाही. दोन्हींचे क्रम वेगवेगळे चालायचे आणि कोणतं इंजिन कोणत्या फ्रेममध्ये गेलं ते फक्त कारखान्याच्या रवानगी वहीत लिहिलेलं असायचं. नंबर जुळणं किंवा न जुळणं हा प्रश्नच इथे लागू होत नाही. दुसरं, इंजिनाची अक्षरं सीबीवरून डीबी आणि पुढे डीबीडी झाली तरी फ्रेमवर ‘सीबी ३२’ हेच पंच होत राहिलं, ३५० असो की ५००. डीबीडी ३४ इंजिनाखाली सीबी ३२ फ्रेम दिसली तर बिचकायचं कारण नाही, ते नेहमीचंच चित्र आहे.

खरी शंका यायला हवी ती फ्रेमवर दुसरीच अक्षरं असतील तेव्हा. बीएसएच्या जुळ्या सिलिंडरच्या ए १० ची फ्रेम लांबून सारखीच दिसते आणि स्वस्तात मिळते. ओळखायची सोपी खूण खाली असते. गोल्ड स्टारच्या फ्रेमची उजवीकडची खालची नळी तेलाच्या पंपाला जागा देण्यासाठी वाकवलेली असते, ए १० ची सरळ जाते. गाडीखाली आडवं होऊन टॉर्च मारायला एक मिनिट लागतं. या गाडीची नळी वाकलेली होती. मूल्यमापकाने ते पाहिल्याचं त्याच्या अहवालात कुठे दिसत नाही.

तिसऱ्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य होतं. इंजिन बदललेलं होतं. कधी, का आणि आधीचं कुठे गेलं, हे कोणालाच माहीत नव्हतं.

समोर असलेले पर्याय

घाई करायची तर दोन वाटा होत्या. घरची गोष्ट जशी ऐकली तशी सूचीत छापायची, किंवा शर्यतीचा उल्लेखच गाळून कमी भावात गाडी मोकळी करायची. पहिलीत खोटं वर्णन करून विकल्याचा दावा पुढे अंगावर येऊ शकतो, कारण ज्युनिअर गटात ५०० सीसीचं इंजिन ही विसंगती कोणताही जाणकार पहिल्या नजरेत पकडेल. दुसरीत जे खरं असू शकतं तेही फुकट जातं.

तिसरी वाट एका ओळखीच्या फिटरने सुचवली. डीबी ३२ घडणीचे नवे ओतलेले क्रँककेस (क्रँक ज्यात फिरतो ती इंजिनाची खालची पेटी) घ्यायचे, ३५० चं इंजिन उभं करायचं आणि जुना नंबर सापडला की त्यावर पंच करायचा. गाडी ‘जशी होती तशी’ होईल, असं त्याचं म्हणणं. मालक हातचा कारागीर असल्याने त्याला हे तांत्रिकदृष्ट्या मोहात पाडणारं वाटलं, आणि काही आठवडे तो त्या विचारात होता. हा विचार का सुटला ते पुढे येईल.

चौथी वाट म्हणजे विक्री लांबवून आधी कागद आणि लोखंड तपासणं. ती निवडली गेली, पण एक चूक झाल्यानंतर.

काय केलं

चूक अशी. गाडी ‘थोडी नीट दिसावी’ म्हणून मालकाने मडगार्ड, तेलाची टाकी आणि नंबराच्या पाट्या सँडब्लास्टिंग आणि पावडर कोटिंगला आधीच देऊन टाकल्या होत्या. फ्रेम पुढच्या आठवड्यात जायची होती. जुन्या मोटरसायकलींच्या क्लबातल्या एका जाणत्याने फोनवर ते थांबवलं. सँडब्लास्टिंगने रंगाचे थर जातात, डाग दिलेल्या (धातू वितळवून सांधलेल्या) जागा गुळगुळीत होतात आणि उथळ पंच केलेले आकडे पुसट होतात. थोडक्यात, शर्यतीचा पुरावा असेल तर तो त्याच गंजात आणि रंगात असतो.

पहिलं काम फोटोंचं झालं. गाडी न पुसता, न हलवता सर्व बाजूंनी, मग प्रत्येक पंच, प्रत्येक कंस आणि प्रत्येक जादा भोक जवळून, शेजारी पोलादी पट्टी धरून. फ्रेमच्या नंबरावर ब्रशने फासलेला काळा रंग होता. तो रंग काढायच्या जेलने मऊ करून प्लॅस्टिकच्या पट्टीने उचलला. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर इथे वापरायचाच नाही. शेवटचा आकडा ३ की ८ कळेना. टॉर्च जवळजवळ सपाट धरून दोन्ही बाजूंनी उजेड टाकला, मग पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल घासली. तरीही खात्री होईना, तेव्हा दोन्ही शक्यता लिहून ठेवल्या. अशा वेळी आपल्याला हवा तो आकडा ‘दिसायला’ लागतो, म्हणून हे लिहून ठेवणं महत्त्वाचं होतं.

त्यानंतर गॅरेजची झडती झाली आणि प्रकरण फिरलं. बाकाखालच्या खोक्यात ३५० चं हेड, बोअर (इथे सिलिंडर) आणि क्रँककेसचा फक्त डावा, म्हणजे ड्राइव्हच्या बाजूचा अर्धा भाग मिळाला. बीएसए इंजिनाचा नंबर याच बाजूला, सिलिंडरच्या बैठकीखाली पंच केलेला असतो. त्यावर ‘डीबी ३२ जीएस’ आणि पुढे आकडे स्वच्छ वाचता येत होते. आतल्या भिंतीवर खोल ओरखडे आणि खालच्या कडेला तडा होता. उजवा अर्धा भाग नव्हता. कनेक्टिंग रॉड तुटून उजवीकडची भिंत फोडून गेला असावा, असा अंदाज त्यावरून बांधला गेला.

रवानगी वह्यांची चौकशी व्हिंटेज मोटरसायकल क्लबच्या ग्रंथालयातून होते. इथे मालकाने एक शहाणपणा केला. खोक्यातल्या अर्ध्या भागावरचा इंजिन नंबर त्याने कळवला आणि एवढंच विचारलं की हे इंजिन कोणत्या फ्रेमसोबत, कधी, कोणत्या विक्रेत्याकडे गेलं. स्वतःच्या फ्रेमचा नंबर त्याने कळवलाच नाही. उत्तरात आलेला फ्रेम नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळला आणि शेवटचा आकडा ३ निघाला. आधी स्वतःचा नंबर सांगून ‘हाच का?’ विचारलं असतं तर ३ आणि ८ चा घोळ तसाच राहिला असता. दुसऱ्या चौकशीत गाडीतलं ५०० चं इंजिन एका वेगळ्याच पूर्ण गाडीबरोबर, १९५६ च्या शर्यतीनंतर बऱ्याच महिन्यांनी, दुसऱ्या गावच्या विक्रेत्याकडे गेल्याचं निघालं.

कागदांत सर्वांत मोलाचं होतं ते जुनं लॉगबुक. ते सापडलं शिवणकामाच्या डब्यात. आपल्या आरसी बुकासारखंच, पण पानोपानी कौंटी कौन्सिलचे शिक्के आणि प्रत्येक बदलाची नोंद. त्यात विक्रेत्यानंतर काकांचं नाव होतं, तारीख शर्यतीच्या आधीच्या वसंतातली. पुढे १९५७ मध्ये इंजिन बदलल्याची नोंद, नवा नंबर आणि शिक्का. गाडीतल्या ५०० शी तो नंबर तंतोतंत जुळला.

आता उरला होता शर्यतीचा दिवस. टीटीच्या यादीत आणि निकालात स्वाराचं नाव, क्रमांक आणि गाडीची कंपनी असते, इंजिन किंवा फ्रेमचे नंबर नसतात. संकेतस्थळावरची यादी दाखवून ‘ही बघा आमची गाडी’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. ती यादी माणूस धावला एवढंच सांगते. काका १९५६ च्या ज्युनिअर क्लबमन्सला धावले होते हे निकालावरून आणि बेटावरच्या त्या वेळच्या वर्तमानपत्रांवरून नक्की झालं. मात्र पहिल्या दहांत ते नव्हते, बरेच खाली होते. घरच्यांना हे पचायला इंजिनाच्या गोष्टीपेक्षा जड गेलं.

माणूस आणि गाडी जोडणारा दुवा अल्बममध्ये मिळाला. शर्यतीच्या मार्गावरच्या गव्हर्नर्स ब्रिज वळणावरचा, गाडीच्या उजव्या बाजूचा फोटो. या वळणावर गाड्या अगदी हळू होतात, त्यामुळे फोटो हलत नाहीत. पाटीवरचा क्रमांक कार्यक्रमपत्रिकेतल्या काकांच्या क्रमांकाशी जुळला. फोटो मोठा करून पाहिल्यावर मागे सरकवलेल्या पायठेवणीच्या वर, मागच्या नळीला पितळी डाग देऊन लावलेली घरगुती पट्टी दिसली. तिचं भोक मध्यावर नव्हतं, एका बाजूला सरकलेलं होतं. गाडीवर ती पट्टी तशीच होती. डाग देताना जळालेलं कारखान्याचं मूळ एनॅमल तिच्याभोवती दिसत होतं आणि त्यावर ब्रशचा काळा रंग. फ्रेम सँडब्लास्टिंगला गेली असती तर जळालेल्या एनॅमलचा हा थर नाहीसा झाला असता.

फोटोत तेलाच्या टाकीवर खालच्या कोपऱ्यात डाग दिल्यासारखा एक ठिपकाही दिसतो. तो पडताळता आला नाही. टाकी तोवर चकचकीत काळी होऊन परत आली होती.

अर्ध्या क्रँककेसचा निर्णय

नंबर असलेला मूळ अर्धा भाग हाती आल्यावर ३५० पुन्हा उभी करायचा मोह वाढला. फिटरची नवी सूचना होती की डावा मूळ भाग ठेवू, उजवा दुसरा कुठून तरी आणू.

हे का सोपं नाही ते नीट समजून घेण्यासारखं आहे. क्रँककेसचे दोन भाग कारखान्यात जोडून एकत्र यंत्रावर चढवलेले असतात. मेन बेअरिंगची दोन्ही घरं एका सरळ रेषेत, सिलिंडर बसतो तो वरचा पृष्ठभाग एका पातळीत, तोंडाचं वर्तुळ अखंड. दोन वेगळ्या जोड्यांतले भाग आवळले की वरच्या पृष्ठभागावर हजारांश इंचाच्या पायऱ्या राहतात, नखाला जाणवतात, आणि तिथून तेल गळतं. बेअरिंगची घरं रेषेत नसतील तर बोल्ट सैल असताना मोकळा फिरणारा क्रँक आवळल्यावर जड होतो. तसंच चालवलं तर बेअरिंग घरात फिरू लागतं, अ‍ॅल्युमिनिअम खातं आणि क्रँककेस कायमचं जातं. उपाय आहे: घरं वेल्डिंगने भरून किंवा बुश घालून दोन्ही भाग जोडलेल्या अवस्थेत पुन्हा एका रेषेत बोअर करायचे, वरचा पृष्ठभाग एकत्र घासायचा. पण या भागाला आधीच तडा होता. एवढं वेल्डिंग करताना नंबराची जागा तापून विकृत होण्याची भीती, म्हणजे ज्यासाठी खटाटोप करायचा तेच गमावायची शक्यता.

नव्या क्रँककेसवर जुना नंबर पंच करायची कल्पना तर इथेच संपली. मूळ नंबराचा तुकडा अस्तित्वात असताना दुसऱ्यावर तो ठोकला की एका नंबरची दोन इंजिनं जगात होतात. पुढे कधी दोन्ही समोरासमोर आली तर खऱ्यावरचाही विश्वास जातो.

ठरलं ते असं. १९५७ पासून गाडीत असलेलं ५०० गाडीतच राहील, कारण तोही तिच्या इतिहासाचा नोंद असलेला भाग आहे. अर्धा क्रँककेस, हेड आणि बोअर न साफ करता, फक्त पातळ तेल लावून, लाकडी पेटीत गाडीसोबत जातील.

निष्पत्ती

जुना नोंदणी क्रमांक १९८३ पर्यंत स्वान्सीच्या वाहन नोंदणी कार्यालयाच्या संगणकात न गेल्याने बाद झाला होता. मूळ लॉगबुक आणि क्लबाच्या तपासणीच्या जोरावर असे हरवलेले मूळ क्रमांक परत देणाऱ्या व्ही ७६५ योजनेखाली तो परत मिळाला. असा परत मिळालेला क्रमांक दुसऱ्या गाडीवर हलवता येत नाही. मालकाला आधी ते खटकलं, पण खरेदीदाराच्या दृष्टीने क्रमांक गाडीला कायमचा बांधलेला असणं चांगलंच.

सूचीतलं वर्णन तीन पायऱ्यांत लिहिलं गेलं. नोंदींनी सिद्ध: ही फ्रेम आणि पेटीतलं ३५० इंजिन कारखान्यातून एकत्र निघाले, शर्यतीआधी काकांच्या नावावर होते, १९५७ मध्ये इंजिन बदललं. फोटोने पुष्टी मिळालेलं: १९५६ च्या ज्युनिअर क्लबमन्सला हीच फ्रेम धावली असण्याची दाट शक्यता. तशीच पट्टी काकांनी दुसऱ्या गाडीलाही लावली असेल, ही शक्यता शून्य म्हणता येत नाही, म्हणून ‘निश्चित’ हा शब्द टाळला. केवळ अंदाज: ३५० इंजिन कसं फुटलं. पहिल्या दहांचा उल्लेख गाळला.

गाडी पहिल्या मूल्यमापकाच्या आकड्यापेक्षा बऱ्याच वर, पण मालकाच्या मनातल्या आकड्याच्या खाली गेली. घेणाऱ्याने लिलावाआधी पेटी उघडायला लावली आणि गाडीपेक्षा जास्त वेळ त्या अर्ध्या भागाकडे पाहिलं.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत आधी, काका हयात असताना त्यांना विचारायला हवं होतं. ‘शर्यतीचं सांगा’ असं मोघम विचारलं की विजयाच्या गोष्टी मिळतात. ‘तेव्हाचं इंजिन कुठे आहे?’, ‘गाडी कोणाकडून घेतली?’, ‘ही पट्टी कशासाठी लावली?’ असे प्रश्न लोखंडाकडे बोट दाखवून विचारले तर नेमकी उत्तरं मिळतात.

सँडब्लास्टिंग फोटोंनंतरच. तेलाच्या टाकीचा पुरावा गेला नसता तर ‘दाट शक्यता’ च्या पुढे एक पाऊल टाकता आलं असतं: पट्टीची नक्कल होऊ शकते, पट्टी आणि टाकीचा डाग दोन्ही एकत्र जुळणं फारच अवघड.

मूल्यमापकाच्या पहिल्या अहवालावर तीन महिने वाया गेले. बीएसएच्या नंबरांची पद्धत ठाऊक नसलेल्या माणसाचा अहवाल न घेता थेट रवानगी वहीची चौकशी केली असती तर खर्चही कमी आला असता. आणि ती चौकशी पहिल्याच दिवशी तिन्ही नंबरांची, एकमेकांचा उल्लेख न करता, स्वतंत्रपणे पाठवता आली असती.

एका मुद्द्यावर मतभेद राहिले. गिअरबॉक्सवर ‘आरआरटी २’ चा पंच आहे. हा अगदी जवळच्या गुणोत्तरांचा शर्यतीचा गिअरबॉक्स. त्यात पहिला गिअर टॉपच्या पावणेदोनपटच असतो, त्यामुळे रस्त्यावर गाडी उचलताना क्लच बराच वेळ घासवावा लागतो. तो १९५६ च्या शर्यतीत होता की ५०० बरोबर आला, याची नोंद कुठेच नाही. लिलाव करणाऱ्यांना तो शर्यतीच्या परिच्छेदात हवा होता. मालकाने तो भागांच्या यादीत घातला, शर्यतीचा संदर्भ न देता. नव्या मालकाने आता त्यासाठी आणि हरवलेल्या उजव्या अर्ध्या भागासाठी काकांच्या जुन्या विक्रेत्याच्या वारसांकडे वर्कशॉपच्या वह्या मागितल्या आहेत.